पलूसच्या रानात बर्फाचा लोड

ता. ३ फेब्रुवारी १९४७, सकाळ
फौजेतून सुटून घरी आलो त्याला आज पंधरवडा झाला. आजपासून रोजनिशी. साहेब लोक लिहीत असत. वाचणारा मी एकटाच, तेव्हा खरं तेवढंच लिहायचं.

सिच्युएशन अशी. चंद्राबाई, म्हणजे आमचं कुटुंब, सव्वा वर्ष झालं रहिमतपूरला माहेरी जाऊन बसली आहे. तिचं आणि बनुवहिनीचं, म्हणजे थोरला भाऊ आप्पासो याच्या कुटुंबाचं, फाटलं ते मिठावरनं. यात्रेच्या दिवशी आमटीत हिनंही मीठ घातलं आणि तिनंही घातलं. पाहुणे पानावरनं उठले. मग कुणी घातलं यावरनं जी जुंपली ती जुंपलीच. चंद्राबाईचं एकच म्हणणं, वेगळी चूल मांडा, मग येते. आता सासऱ्यांनी निरोप धाडला आहे. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत वेगळं घर झालं तर पोरगी नांदायला, न्हाईतर तुमचा आमचा रामराम.

अजून नऊ महिने आहेत. घर बांधणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. वायव्य सरहद्दीला आमच्या युनिटनं दोनशे लाकडी हट उभ्या केल्या. स्टोअरकीपर म्हणून बोल्ट मोजून मी दिले. बोल्टाशिवाय हट उभी राहत नाही, म्हणजे बांधल्या मीच.

ता. ४ फेब्रुवारी
ट्रंकेतून बुक काढलं. चौसष्ट पानं, इंग्रजी. स्टोअरमध्ये कंडेम, म्हणजे मोडीत काढलेल्या, मालात पडलं होतं, साहेबानं बघितलं नाही. लाकडी घर वारा, बर्फ आणि भूकंप यांना टक्कर देईल असं कसं बांधावं, याचं सगळं शास्त्र आत आहे. अख्ख्या पलूस पट्ट्यात हे शास्त्र जाणणारा दुसरा माणूस नाही. मलाही अजून अकरा पानंच कळली आहेत, पण बाकीची चित्रं आहेत.

ता. ९ फेब्रुवारी
आप्पासोनं जागा दाखवली. आमच्या रानाचं पूर्वेचं टोक. पलीकडं बांध, बांधापलीकडं चुलतभाऊ हंबीरराव, ज्याचं नि आप्पासोचं बांधावरनं वाकडं. आप्पासो म्हणाला घर बांध, पण पाया खणायचा न्हाई. वाटणी कागदावर झाल्याबिगर जमिनीत पहार घालायची न्हाई, मागनं तंटा नगो.

मी म्हटलं काही हरकत नाही. जमिनीवर दगड, दगडावर चौफेर जाड तुळई, तुळईवर घर. एवढं वजन हलवतंय कोण?

ता. १६ फेब्रुवारी
ज्ञानू सुतार आपण होऊन आला. म्हणाला तीन खणाचं घर, बाभळीचं खांब, वर कौलं, दोन महिन्यांत उभं करतो. त्याचा बाप, आजा, सगळे असंच करत आले. मी विचारलं, वाऱ्याचा लोड, म्हणजे भार, किती धरतोस? तो म्हणाला, वारं आलं की दार लावून घ्यायचं.

हसू दाबलं. त्याला परत पाठवला. अनाड्याच्या हातात कुटुंब देता येत नाही.

ता. २३ मार्च, गुढीपाडवा
संकल्प. (१) रोज पहाटे पाचला उठून दोन पानं वाचणे. (२) मे अखेर डिझाइन पुरं. (३) जूनमध्ये लाकूड. (४) गणपतीला वास्तुशांत. (५) तंबाखू बंद.

ता. २४ मार्च
साडेआठला उठलो. तंबाखूशिवाय इंग्रजी डोक्यात शिरत नाही असं दिसतं. पाचवा संकल्प डिझाइन होईपर्यंत स्थगित.

ता. २ एप्रिल
बर्फाच्या चॅप्टरला आलो. आप्पासो म्हणतो, आरं नाथाजी, हितं बरफ कवा पडलाय? माझ्या बाच्या बानं बघितला न्हाई. मी म्हटलं, दादा, एवढी वर्षं पडला नाही म्हणजे आता केव्हाही पडेल. तो उठून वैरण घालायला गेला.

ता. ११ एप्रिल
मुद्दाम रेल्वेनं सांगलीला जाऊन आलो. बुकात छपरावर बर्फाचा लोड दर चौरस फुटाला वीस पाउंड दिला आहे. मला शंका आली. हळदीच्या पेठेजवळ एक सरबतवाला आहे, त्याच्याकडं एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी बर्फाची लादी तोडून घेतली आणि अडत्याच्या काट्यावर चढवली. सत्तावन्न पाउंड! बुकात छापायला चुकले आहेत. सरकारी काम. आता मी सत्तावन्न धरणार.

अडत्यानं विचारलं काय चाललंय. घर, म्हटलं. त्यानं लादीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मला पाणी प्यायला दिलं. सांगलीचे लोक मोठे अगत्याचे.

ता. १२ एप्रिल
फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणजे जेवढी ताकद लागते त्याच्या किती पट ठेवायची. बुकात दोन आहे. माझे दोन मिळवून चार. शेजारी भावकी आहे, म्हणून पाच.

ता. २ मे, संध्याकाळी
भयंकर वळीव झाला. आप्पासोच्या गोठ्याचे पत्रे उडाले, हंबीररावाची कडब्याची गंजी ओढ्यात गेली. माझ्या घराचं केसभर नुकसान नाही. घर अजून कागदावर आहे हे खरं, पण कागदही मी उडू दिला नाही. छातीशी धरून ओसरीत बसलो होतो.

ता. ३ मे
बनुवहिनी म्हणाल्या, भावजी, छाती धरून बसण्यापरीस पत्र्यावर एक धोंडा ठेवला असता तर गोठा वाचला असता. बाईमाणसाला शास्त्र समजावत बसण्यात अर्थ नाही.

ता. १९ जून
डिझाइन पुरं! फक्त तीन आठवडे लेट. पंधरा फूट बाय दहा फूट. एकशे अकरा लाकडं. छप्पर इतकं उतरतं की बर्फ टिकणारच नाही, आणि टिकला तर सत्तावन्न पाउंड आहेच. चारी भिंतींत तिरपे दांडे. बुकात लिहिलं आहे की तिरप्या दांड्याशिवाय चौकट म्हणजे पत्त्यांचा बंगला.

चंद्राबाईचं कार्ड आलं. तिच्या धाकट्या भावाच्या अक्षरात. मजकूर एवढाच, घर कुठवर आलं. मी चार पानी उत्तर लिहिलं, वाऱ्याच्या दाबाची आकृतीसुद्धा काढून दिली.

ता. २ जुलै
तिचं उत्तर आलं. घर कुठवर आलं.

ता. ८ जुलै
लाकडं तोडली. बांधावरच्या बाभळी आणि रानातल्या पडक्या खोपटाचे वासे. बोल्ट डिस्पोजलच्या, म्हणजे फौजेनं लिलावात काढलेल्या, मालातले, मिरजेहून. शेवटी ज्ञानूलाच बोलवावा लागला. हाताखालचा माणूस म्हणून. डिझाइन त्यानं उलटंसुलटं करून बघितलं. मग म्हणाला, ह्ये घर हाय का पिंजरा? वाघ पाळायचाय का?

ता. १९ जुलै
काम बंद. कालपासून अधिक श्रावण. ज्ञानू म्हणतो अधिकात मेढ, घराचा पयला खांब, उभी करायची न्हाई, मग तुमचा लोड किती बी असंदे. मी त्याला बुक दाखवलं, बुकात अधिक महिन्याचा उल्लेख नाही. तो म्हणाला, साहेबाला कुठला अधिक म्हयना?

चार आठवडे गेले. बरं झालं, भूकंपाचा चॅप्टर पुन्हा वाचून काढतो.

ता. १५ ऑगस्ट
स्वातंत्र्य मिळालं. शाळेपुढं झेंडा लागला, जिलेबी वाटली. मीही फौजी टोपी घालून उभा होतो. ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी ज्ञानू म्हणाला, देश सुटला, आता तुमी त्या बुकातनं कवा सुटणार?

ता. २६ ऑगस्ट
मेढ उभी राहिली! ज्ञानूनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मी ओळंबा धरला. दोघांचंही काम सारखंच.

ता. ९ सप्टेंबर
गंभीर प्रश्न. बुकात लिहिलं आहे की भिंतीत जितकी भोकं जास्त तितकी भिंत भूकंपात कच्ची. माझ्या डिझाइनमध्ये चार खिडक्या होत्या. दोन काढल्या.

ता. १० सप्टेंबर
उरलेल्या दोन काढल्या. अर्धंमुर्धं काम मला आवडत नाही.

ता. १७ सप्टेंबर
दाराचा प्रश्न. दार काढता येत नाही, हे ज्ञानूनं पटवून दिलं. पण दार म्हणजे भिंतीतलं सगळ्यात मोठं भोक. तोडगा काढला, तिरपा दांडा दारातनं नेला. माणूस डावीकडनं वाकून आत शिरू शकतो. ज्ञानूनं रंधा खाली ठेवला. म्हणाला, दारात आडवं लाकूड म्हंजे लक्षुमीला आडवं. आणि डोईवर घागर घिऊन बाई शिरंल कशी?

मी म्हटलं, घागर आधी खाली ठेवायची. कवायतीचा प्रश्न आहे.

ता. ५ ऑक्टोबर
चंद्राबाईचं कार्ड. ह्या खेपेला दोन ओळी. घर कुठवर आलं. पाडव्याला येते, झालं नसंल तर त्याच गाडीनं माघारी.

रात्री भाकरी गेली नाही. लग्नाला बारा वर्षं झाली, त्यांतली आठ मी सरहद्दीवर आणि दोन ती माहेरी. तिचा चेहरा नीट आठवायला गेलो तर आधी नथ आठवते. नाही, घर झालंच पाहिजे. आणि नुसतं होऊन भागायचं नाही, टेस्ट होऊन सर्टिफाय झालं पाहिजे. तिनं विचारलं, पडणार न्हाई न्हवं, तर छातीठोक सांगता आलं पाहिजे.

ता. १२ ऑक्टोबर
बर्फाची टेस्ट. बर्फ नसल्यानं भावकी बसवली. हिशेबानं सत्तर माणसं लागत होती. गूळशेंगदाण्याच्या बोलीवर बावीस आली. छपरावर अजून नुसते वासे आणि रीपा आहेत, कौलं सरकारी कंट्रोलच्या परवान्यात अडकली आहेत. माणसं चढवली. उतार इतका की पहिला बसला तो घसरत खालच्यावर, खालचा त्याच्या खालच्यावर, आणि शेवटी सगळे ओळीनं कडब्यात. हाडं शाबूत. शिव्या मात्र बावीस जणांच्या.

रिपोर्ट : लोड छपरावर टिकत नाही, आपोआप खाली येतो. बुकात अगदी हेच म्हटलं आहे. टेस्ट पास.

ता. २४ ऑक्टोबर, दसरा
ज्ञानूनं करवत, रंधा, वाकस मांडून पूजा केली. मी बुक मांडलं. वाटलं, बास, उरलं ते भूकंपाचं.

ता. २९ ऑक्टोबर, सकाळी ८
आज भूकंप. प्लॅन असा. घराच्या पूर्वेला चार जोड्या बैल, पश्चिमेला चार. तुळईला मोटेचे नाडे बांधायचे. एकदा इकडच्यांनी ओढायचं, एकदा तिकडच्यांनी. घर हलेल, करकरेल, पण तुटणार नाही. पश्चिमेला आप्पासोची आणि गावातली बैलं. पूर्वेला हंबीररावाची. हंबीरराव लगेच तयार झाला. माणूस वाटतो तेवढा वाईट नाही.

मी स्वतः आत राहून निरीक्षण करणार. वही, पेन्सिल, फौजेतलं घड्याळ. शिट्टी वाजली की थांबायचं, असं सगळ्यांना बजावलं आहे.

ता. २९ ऑक्टोबर, सकाळी ९.१०, घराच्या आत
सुरू. पश्चिमेकडं ओढ चांगली. करकर. एकही बोल्ट ढिला नाही.

९.१४. पश्चिमेला मोठा आवाज झाला. आप्पासो ओरडतोय. नाडा तुटला असावा. पूर्वेकडं ओढ सुरू.

९.१५. हादरे उत्तम. खालनं गुरगुर. अगदी बुकात वर्णन आहे तसं.

९.१६. शिट्टी वाजवली. हादरे चालू. पुन्हा वाजवली. खिडकी नसल्यानं बाहेरचं दिसत नाही. दारात दांडा आहे आणि हलत्या घरात वाकून बाहेर पडणं जमत नाही.

९.१७. एक मोठा धक्का, घर वर उचललं गेल्यासारखं वाटलं, मग खाली. त्यानंतर शांत.
एकूण वेळ सात मिनिटं. एकही सांधा निखळला नाही. विजय!

ता. २९ ऑक्टोबर, दुपारी
बाहेर आलो. बांधावरचं आंब्याचं झाड दाराच्या डावीकडं होतं ते उजवीकडं दिसलं.

झालं ते असं. परवा परतीचा पाऊस झाला, काळं रान निसरडं, त्यात पूर्वेला उतार. आप्पासोकडचे नाडे तुटले. हंबीररावाच्या बैलांना घराची दिशा मिळाली आणि ती निघाली आपल्या गोठ्याकडं. शिट्टी मी फौजेतली वाजवत होतो, बैलांची कवायत कुणी घेतली होती? पाया नव्हताच. घर अख्खंच्या अख्खं, वाटेतलं रान कुळवत, बांध ओलांडून हंबीररावाच्या शाळवात, म्हणजे रब्बीच्या जोंधळ्यात, बावीस पावलं आत जाऊन बसलं. तुटलं मात्र काहीही नाही. एवढं लिहिलंच पाहिजे.

हंबीरराव कमरेवर हात ठेवून उभा होता. म्हणाला, नाथाजी, गड्या, घर लय मजबूत केलंस. आता माझ्या रानात हाय म्हंजे माझंच म्हण.

ता. १ नोव्हेंबर
पंच बसले. आप्पासो म्हणाला, घर वडून माघारी आणतो. हंबीरराव म्हणाला, शाळू चार बोटं वर आलाय, एकदा कुळावलासा तेवढं बास, आता माघात काढणी झाल्याबिगर बैल रानात घालायचा न्हाई. गेली सहा वर्षं आप्पासो आणि तो नांगराच्या एका तासाएवढ्या बांधासाठी भांडत होते. आता पंचांना हंबीररावाचंच पटलं. पिकातनं बैल कोण घालू देईल? मलाही पटलं, हे वाईट.

मग खोलून, एकेक लाकूड डोक्यावरनं आणायचं ठरलं. ज्ञानू बघून आला. म्हणाला, न्हाई जमत. बोल्टाची तोंडं तुमीच ठोकून चपटी केलीसा, कुणी काढू नये म्हून. आता बोल्ट कापायला दिवाळी जाईल, आणि लाकडं चिरून निघतील.

फॅक्टर ऑफ सेफ्टी पाच. दुसरं काय.

ता. ७ नोव्हेंबर
हंबीररावानं घरात म्हैस बांधली. दारातला दांडा तिला आडवा येत होता, तो करवतीनं कापून टाकला. मी धावत गेलो, म्हटलं दांडा काढलास तर घर कोसळेल. आम्ही दोघंही थोडा वेळ बघत उभे राहिलो. कोसळलं नाही.

ता. १२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
उद्या ती येणार. सासऱ्यांना तार करून तिला पाठवू नका म्हणावं असं तीनदा ठरवलं, तिन्ही वेळा पोस्ट बंद होतं. निदान एकदा तरी बंद होतं. लाज वाटते. कुणाला सांगायची सोय नाही. बनुवहिनींनी करंज्यांचं ताट पुढं केलं, एकही खाल्ली नाही. त्या म्हणाल्या, बरं न्हाई का, भावजी? पहिल्यांदाच त्या चेष्टा करत नव्हत्या.

ता. १३ नोव्हेंबर, पाडवा, दुपारी
गाडी आली. चंद्राबाई उतरली. नथ तीच आहे. केसात दोन पांढरे. मी म्हटलं, आधी घर बघ. तिला रानातनं, बांधावरनं नेलं. हंबीररावाच्या शाळवात उभं केलं. वाऱ्याचं सांगितलं, बर्फाचं सांगितलं, भूकंपाचं तर पुराव्यासकट सांगितलं. ती आत गेली. म्हशीच्या पाठीवर हात ठेवला, चारी भिंतींकडं बघितलं, वर बघितलं, खाली बघितलं. मग बाहेर येऊन म्हणाली, आवं, चूल कुठं हाय?

मी बुक उघडलं. चौसष्ट पानं चाळली. फौजेत लंगर, म्हणजे पलटणीचं सैपाकघर, वेगळा असतो, हटमध्ये चूल नसते. बुकात नाही. डिझाइनमध्ये नाही. एकशे अकरा लाकडं काढली, धूर जायला एक भोक काढलं नाही. वेगळी चूल पायजे म्हणून बाई दोन वर्षं माहेरी बसली, आणि मी नऊ महिन्यांत घर बांधलं ते चुलीशिवाय.

ती वळली आणि चालू लागली. गाडी आप्पासोच्या दारात सोडलेली होती, तिकडं.

ता. १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
ती गाडीत बसली नाही. आधी पाणी प्यायला म्हणून सैपाकघरात गेली. बनुवहिनी चुलीपुढं होत्या. दोन वर्षांत पहिल्यांदा एका छपराखाली. मी ओसरीवर. मग चंद्राबाईचा आवाज, बाई, चूलच न्हाई वं. मग वहिनी म्हणाल्या, खिडकी तरी हाय का? आणि म्हशीला दार करून दिलंय, व्हय? त्यानंतर जे हसणं सुरू झालं ते थांबेना. आधी एक, मग दुसरी, मग दोघी एकदम. मध्येच कुणीतरी ठसकली, कुणीतरी पाठीवर थापट्या मारल्या. वहिनींनी बावीस माणसं छपरावरनं घसरल्याचं साभिनय सांगितलं. आप्पासो ओसरीवरनं उठून मागच्या दारी गेला, त्याचे खांदे हलत होते.

गाडीवान विचारायला आला, जुपू का? चंद्राबाईनं आतनंच सांगितलं, जावा तुमी, आन बाबांना सांगा मी ऱ्हायली.

मी दारापर्यंत गेलो. म्हटलं, माघात घर परत आणतो, चूल घालतो, खिडक्या पाडतो, नवीन डिझाइन करतो. ती डोळे पुसत म्हणाली, नगा. वेगळं ऱ्हायाचं न्हाई आता. ह्यो असला मानूस एकटीच्यानं कसा आवरंल? दोघी पायजेत.

त्या दोघी आत एका ताटात जेवताहेत. मीठ कुणी घातलंय ते मला ठाऊक नाही. मला अजून कुणी वाढलेलं नाही.